सल्ला हवा: सिपानी डॉल्फिन (फायबर बॉडी) नव्याने उभारणे आणि तिची आरटीओ नोंदणी

तापीकाठ, जळगाव
नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातील एका खळ्यात सिपानी डॉल्फिन ही फायबर बॉडीची दोन दारांची मोटार बरीच वर्षे उभी असून घरचे लोक ती विकायला तयार आहेत. ज्यांना ही गाडी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंग्लंडच्या रिलायंट कंपनीची किटन १९७५ साली आली आणि तिच्याच आराखड्यावरून बंगळूरच्या सिपानी ऑटोमोबाइल्सने १९८०च्या दशकात डॉल्फिन काढली. इंजिन ८४८ सीसीचे, अॅल्युमिनियमचे, आणि जोर मागच्या चाकांना.

या गाडीचे नाक फुटले आहे, छपराला भेगा आहेत आणि चासी गंजली आहे. मात्र तिच्यावरचा नंबर वाचता येतो. आरसी पुस्तक कर्नाटकचे असून मूळ मालकाच्या नावावर आहे. ते आता हयात नाहीत, गाडी त्यांचे चिरंजीव विकत आहेत. माझ्यापुढे दोन वाटा आहेत. एक, हीच गाडी दुरुस्त करावी. दुसरी, हिच्या बॉडीवरून साचा काढून नवी बॉडी ओतून घ्यावी आणि ती मारुती ८००वर बसवावी, कारण ८००चे सामान इथे कोठेही मिळते. यांपैकी कोणती वाट घ्यावी? आणि विंटेज म्हणून नोंदणी होईल का?

पांझराकाठ, धुळे
भाऊ, दुसरी वाट मनातून काढून टाकावी. डॉल्फिनची बॉडी वेगळ्या पोलादी चासीवर बोल्टने बसते, तर मारुती ८००ला अशी स्वतंत्र चासी नाही; तिची पत्र्याची बॉडीच सगळा भार वाहते आणि चासी नंबरही त्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. पत्रा कापला की गाडीची ताकद गेली आणि ओळखही गेली. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हीच गोष्ट स्पष्टपणे सांगितली आहे. घरी बांधलेली गाडी नवे वाहन म्हणून नोंदवायची तर आधी पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून तिच्या नमुन्याला मंजुरी मिळवावी लागते, आणि तो खर्च एका गाडीसाठी कोणी करत नाही.

म्हणून आपण जे विकत घेणार आहात ते खरे तर फायबर नव्हे. तो नंबर वाचता येणारी चासी आणि ते पुस्तक आहे. पैसे देण्यापूर्वी चासी नंबरचा पेन्सिलने ठसा घ्यावा, तो पुस्तकाशी अक्षरागणिक ताडून पाहावा आणि मूळ आरटीओत ती नोंद अद्याप जिवंत आहे की रद्द झाली आहे याची लेखी माहिती काढावी. इतक्या जुन्या नोंदी पुष्कळदा 'वाहन' या आरटीओच्या संगणक प्रणालीवर चढवलेल्याच नसतात. तेव्हा त्या कार्यालयाकडून आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकावर भरणी, करून घ्यावी लागते, आणि बहुतेक लोक येथेच अडकतात. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची ना-हरकत जोडून फॉर्म ३१वर गाडी प्रथम चिरंजीवांच्या नावावर व्हावी. त्यानंतर परराज्यात नेण्यासाठी फॉर्म २८ची एनओसी, आपल्या नावासाठी फॉर्म २९ व ३०, महाराष्ट्राच्या नव्या नंबरासाठी फॉर्म २७ आणि पंधरा वर्षे उलटून गेल्यामुळे नूतनीकरणाचा फॉर्म २५. नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते, त्यासाठी गाडी निरीक्षकांना प्रत्यक्ष दाखवावी लागते, आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो.

विंटेजचे म्हणाल तर जुलै २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेला असावा लागतो. गाडी १९८३ची असेल तर २०३३पूर्वी तो विषयच निघत नाही. शिवाय त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता येते, रोज बाजारात नाही.

खान्देशी चाके, नंदुरबार
मारुती ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवून पाहावे असे सुचवतो. तिचाही जोर मागच्या चाकांनाच असतो आणि सामान मुबलक मिळते.

पांझराकाठ, धुळे
यंत्र म्हणून ते बसेल, कागदावर बसणार नाही. दुसऱ्या कंपनीचे इंजिन हा मूळ तपशिलातला बदलच ठरतो. त्याच बनावटीचे दुसरे इंजिन मिळाले, तरीही परवानगी आधी घ्यावी.

फायबरवाला, भुसावळ
कागदांचे उत्तर वर आले आहे, म्हणून मी केवळ बॉडीबद्दल लिहितो. जुनी बॉडी टाकून देऊ नये. फुटलेले नाक दोन्ही बाजूंनी घासून, कडा लांबवर उतरत्या करून, आतून ४५० ग्रॅमच्या मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) रेझिनमध्ये भिजवलेले थर दिले तर जोड मूळ बॉडीइतका पक्का होतो. केवळ वरून पुट्टी भरणारा कारागीर असेल तर त्याच्याकडे गाडी देऊ नये. पहिल्या उन्हाळ्यात ती भेग पुन्हा वर येते. जुना रंग काढण्यासाठी रिमूव्हर वापरू नये, तो रेझिनलाही खातो. पॉलिश पेपरनेच काढावा, आणि घासताना मास्क हवाच.

आपल्याकडे खरी अडचण हवेची आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४४ अंशांवर असताना रेझिन डब्यातच गोठू लागते, मॅट भिजण्यापूर्वीच कडक होते आणि आत हवेचे फुगे राहतात. हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत घ्यावे. उन्हाळ्यातच करणे भाग असेल तर पहाटे करावे, हार्डनर (रेझिन कडक करणारे रसायन) एक टक्क्याच्या आसपास ठेवावा आणि एका वेळी थोडेच रेझिन कालवावे. एक ताकीद देतो: कोबाल्ट (रेझिन लवकर आवळणारे द्रव्य) आणि एमईकेपी हा हार्डनर एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे, हार्डनर त्यानंतर.

बॉडी उतरवल्यावर चासीच्या बाजूंना निघालेले लोखंडी हात आणि बॉडी जेथे टेकते त्या जागा हातोडीने ठोकून पाहाव्यात. फायबर गंजत नाही म्हणून मालक निर्धास्त राहतो आणि खालचे लोखंड खाऊन जाते. वेल्डिंग बॉडी खाली असतानाच उरकावे, आणि नंबर जेथे ठोकलेला आहे तेथे ग्राइंडर फिरवू नये. रंग पांढरा किंवा फिकट घ्यावा, कारण गडद रंगाखाली उन्हात मॅटची वीण उमटून दिसते.

तापीकाठ, जळगाव
आपणा सर्वांचे आभार. हीच गाडी घ्यायची असे ठरवतो आहे. बयाणा मात्र मूळ आरटीओकडून नोंदीचा कागद आल्यावरच देईन. आणखी एक विचारतो. वायरिंग आमच्या गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून नवे करून घेतले तर चालेल का?

फायबरवाला, भुसावळ
चालेल, पण त्याला आधीच सांगावे की ही पत्र्याची गाडी नाही. फायबरमधून वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि पेट्रोलच्या काट्याला चासीपर्यंत स्वतंत्र अर्थची वायर द्यावी लागते. जुन्या डॉल्फिनचे दिवे मिणमिणतात त्याचे कारण बहुधा बॅटरी नसते, तो गंजलेला अर्थचा बोल्ट असतो. रेडिएटरमध्ये आपल्या बोअरचे जड पाणी घालू नये. अॅल्युमिनियमच्या इंजिनाला डिस्टिल्ड पाणी आणि कूलंटच हवे.