रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) रात्री मांडव्याला उतरल्यावर कॅरॅव्हॅन कुठे लावावी?

इंदिरानगरची ताई

नमस्कार मंडळी. आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅरॅव्हॅन करून घेतली आहे. झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, सगळं आत आहे. टपावरचं कॅरियर धरून उंची साडेनऊ फूट होते. मखमलाबादला मामांच्या मळ्यात मुक्काम करून बघितला, छान झोप लागली. आता भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाशिकहून अलिबाग-मुरुडला निघतोय. मी, नवरा, दोन लहान मुलं आणि सासूबाई.

अडचण वेळेची आहे. नणंद सकाळी परत जाणार, तिला नाशिकरोडला गाडीत बसवून मगच निघता येईल. म्हणजे कसारा घाट, भिवंडी, ठाणे करत भाऊच्या धक्क्यावर संध्याकाळ होणार, आणि शेवटच्या फेरीने मांडव्याला पोहोचेपर्यंत काळोख. त्या रात्री गाडीतच झोपायचं आहे. जेट्टीच्या पार्किंगमध्ये राहू देतात का? की अलिबागच्या दिशेने जाऊन पेट्रोल पंप किंवा एखादा किनारा बघावा? आपल्या आग्रा हायवेला ढाब्यापुढे ट्रक उभे असतात, रात्रभर दिवे असतात, तिथे मला भीती वाटत नाही. तिकडचं काहीच माहीत नाही. सासूबाईंना रात्री दोनदा तरी उठावं लागतं, गुडघ्यांमुळे गाडीची पायरी त्यांना अवघड जाते.

द्वारका सर्कल

ताई, शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. दिवाळीच्या सुट्टीत भिवंडी आणि ठाण्याच्या पट्ट्यात दोन तास कसे जातात कळत नाही, आणि बोट थांबत नाही. माझं ऐकाल तर त्या दिवशी इगतपुरीलाच मुक्काम करा, पहाटे निघा आणि सकाळची फेरी पकडा. समुद्रावरचा तास मुलांना उजेडात बघायला मिळेल. बोट चुकलीच तर पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड असा रस्ता आहे, पण तोही रात्री साडेनऊ फुटी गाडी घेऊन मी करणार नाही.

नागावची माहेरवाशीण

माझं माहेर अलिबागजवळच्या नागावचं, सासर नाशिकच्या सिडकोत. दिवाळीत दर वर्षी आमची हीच वारी असते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी किनाऱ्याचं, कारण माझा जीव तिथेच धास्तावला. ताई, किनाऱ्यावर गाडी लावायचा विचार मनातून काढून टाका. आमच्याकडे भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल त्या वेळेच्या सुमाराला पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. भाऊबीज म्हणजे द्वितीया. तुम्ही दुसऱ्या दिवशी येताय, तृतीयेला. तीन त्रिक नऊ, भागिले चार, म्हणजे सव्वादोन. रात्री सव्वादोनला पूर्ण भरती, म्हणजे त्याच्या साधारण सहा तास आधी, तुम्ही उतराल तेव्हा, आठाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. त्या वेळी वाळू दूरवर मोकळी दिसते, ओली आणि कडक, गाडी सहज चालेल असं वाटतं. शिवाय अमावस्येचं उधाण तृतीयेपर्यंत ओसरलेलं नसतं. मध्यरात्रीनंतर पाणी पार सुरूच्या बनापर्यंत येतं. पुण्या-मुंबईच्या गाड्या वाळूत रुतून ट्रॅक्टरने ओढून काढलेल्या आमच्या गावाने किती पाहिल्यात! त्या गाड्या दिवसा रुततात, तुम्ही तर आत झोपलेल्या असाल, दोन मुलं घेऊन.

जेट्टीवर पार्किंग आहे, पण रात्री आत माणसं झोपलेली चालतील का हे बुकिंग करतानाच फोनवर विचारा आणि उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. नुसतं "बघू, या तुम्ही" असं म्हणाले तर तो नकारच समजा. शेवटची फेरी लागली की गर्दी रिक्षा आणि गाड्यांनी पांगते आणि परिसर एकदम सामसूम होतो. सासूबाईंना घेऊन तिथे बसून राहावं असं मला वाटत नाही.

पुढे निघालात तर झिराड, चोंढी, मग थळचा फाटा आणि अलिबाग. वीसेक किलोमीटर, पण रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी वाड्यांचे गडगे (दगडी कुंपणं) आणि वर केबलच्या तारा झोळ खाऊन लोंबतात. ट्रॅव्हलर मुख्य रस्त्याने जाईल. आतल्या गल्ल्यांत, किहीमला म्हणा की आमच्या नागावला, रात्री मॅप दाखवतो म्हणून वळू नका. समोरून गाडी आली तर मागे घ्यायला जागा नसते.

मग करायचं काय? चोंढी ते अलिबाग या पट्ट्यात शाळेच्या सहलीच्या बस उतरतात असं घरगुती राहण्याचं ठिकाण आजच फोन करून ठरवा. दिवाळीत सगळं भरतं, तेव्हा उद्यावर टाकू नका. फोनवर "पार्किंग आहे का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. "टेम्पो ट्रॅव्हलर आत कुंपणात लागते का, आणि फाटकावर कमान आहे का" असं विचारा. कमान असेल तर उंची मोजून सांगायला लावा. "आम्ही दहाला येऊ, फाटक उघडायला कोण जागं असेल?" हेही. आणि एक खोली नक्की घ्या, सगळे गाडीत झोपणार असलात तरी. त्या पैशांत सासूबाईंना कमोड मिळतो, गरम जेवण मिळतं, आणि रात्री काही लागलं तर हाक मारायला घरची माणसं असतात. फक्त चौघं गाडीत आणि आजी खोलीत असं करू नका, एक नात सोबत द्या, म्हातारं माणूस परक्या जागी दचकून उठतं.

आवारात गाडी लावताना माडाखाली लावू नका, कितीही सावली आणि शोभा असली तरी. रात्री वाऱ्यावर नारळ नाही तर झावळी पडते. आणि तोंड फाटकाकडे करून लावा.

अंबड एमआयडीसी

मी गाड्यांच्या आतलं फर्निचर आणि वायरिंग करतो, त्यामुळे त्यापुरतंच बोलतो. धक्क्यावर पोहोचायच्या आधी गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि सिलिंडर पट्ट्याने आवळा. बोटीवर गाडी लागली की सगळ्यांना वरच्या डेकवर जायचं असतं, मुलांचे स्वेटर आणि आजींची औषधं आधीच पिशवीत काढून ठेवा. बुकिंग करताना उंची आणि लांबी खरी सांगा. रॅम्प चढता-उतरताना गाडी सरळ आणि अगदी हळू घ्या. मागच्या बाजूला सांडपाण्याचा पाइप खाली आलेला असतो, तो घासू शकतो.

रात्री उकडतं म्हणून एसीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. ओट्यावर गॅस पेटवून आत ऊब आणणं हाही तसाच प्रकार. दोन समोरासमोरच्या खिडक्यांना जाळी बसवा आणि बारा व्होल्टचा पंखा लावा. बॅटरी चांगली असेल तर तो रात्रभर फिरतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो, निघायच्या आधी लावून घ्या.

इंदिरानगरची ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारभर फोन केले. एका ठिकाणी कमान दहा फुटांची निघाली, घरच्या काकूंनी स्वतः टेप लावून मोजली आणि फोटो पाठवला. तिथे खोली घेतली आहे, सासूबाई आणि मोठी लेक आत झोपतील. द्वारकावाले दादा, नणंदेची गाडी सकाळी लवकरची मिळते का ते बघतेय, म्हणजे आधीची फेरी धरता येईल. आता एकच शंका: बोट उशिरा सुटली आणि मांडव्याला अकरा वाजले, त्यात काकूंचा फोन लागला नाही, तर?

नागावची माहेरवाशीण

काकूंच्या घरातला दुसरा नंबर आजच मागून घ्या, शेजारच्यांचाही चालेल. घराचं लोकेशन फोनमध्ये साठवून ठेवा, मधे रेंज जाते. तरीही नाहीच झालं तर रस्त्याकडेला किंवा अंधाऱ्या मैदानात थांबू नका. जेट्टीवरच्या कर्मचाऱ्यांना सांगा की बाईमाणसं आणि लहान मुलं आहेत, दिव्याखाली जागा द्या. मांडवा सागरी पोलीस ठाणं आहे, तिथेही थांबायला विचारता येईल. काही वावगं वाटलं तर 112 लावा. आणि भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की काकूंना "निघालो" एवढा मेसेज टाका. तिथून तास धरून त्या जाग्या राहतील. भात टाकून ठेवायचा की नाही, हेही त्यांना त्यावरूनच कळेल.