मदत हवी आहे - मुलीला एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) असेल का, सोलापुरात कुठं दाखवायचं?

नमस्कार मंडळी, माझी पोरगी चौथीत आहे, अक्कलकोट रोडला राहतो आम्ही. वर्गात कुणाला त्रास नाही, पण फळ्यावरचं अर्धंच उतरवते, डबा-कंपास विसरते, गणित येत असून मधेच सोडते. बाई म्हणतात "गुणी आहे पण आळशी", सासूबाई म्हणतात मोठी झाली की कळेल. माझ्या भाच्याला मात्र दुसरीतच एडीएचडी निघालं, कारण तो बाकावर चढायचा, शाळेनंच तगादा लावला. म्हणजे गोंधळ घातला तरच लक्ष जाणार का? वाचलं तर कळलं की मुलींमध्ये नुसतं लक्ष न लागण्याचा प्रकार जास्त दिसतो आणि म्हणूनच निदान उशिरा होतं किंवा होतच नाही. लक्षणं १२ वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर-शाळा अशा दोन्हीकडं दिसायला लागतात म्हणे, मग शाळेनं तपासणीसाठीचा लक्षणांचा फॉर्म नीट भरला नाही तर काय करायचं?

एका प्रायव्हेट डॉक्टरांनी पाच मिनिटांत "टॉनिक द्या" म्हणून पाठवलं, राग आला खरंच. पुण्याला जायचं तर मालकांचा कारखान्यातला खाडा, वर फी.

सिव्हिलला मुलांसाठी मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते, कुणी दाखवलंय का? टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर मराठीत बोलतात का? आणि मिथाइलफेनिडेट (एडीएचडीचं औषध) लिहून दिलं तर सोलापुरात कुठल्या मेडिकलला मिळतं, भाच्याचं पुण्याहून आणावं लागतं. औषधाला घाबरत नाही, आधी नीट तपासणारं कुणीतरी पाहिजे. गंडा-दोरा, उतारा सुचवू नका प्लीज, घरात तेवढे सल्लागार आहेत.