बाटलीबंद बिअरमधील साखर : काही बाटल्या उतू जातात, काही मिळमिळीत

नवशिक्या (प्रश्न)

नमस्कार. घरी तयार केलेली ही माझी तिसरी बिअर, साध्या पेल एल प्रकारची. किण्वन 20 अंश सेल्सिअसला झाले, हायड्रोमीटरचे (बिअरची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे; साखर आंबते तशी घनता उतरते) वाचन 1.011 वर स्थिरावले आणि त्यानंतर गाळ खाली बसावा म्हणून मी पिंप तीन दिवस 4 अंशांवर ठेवले. बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून भरताना घालायच्या साखरेचे प्रमाण सांगणाऱ्या गणकात बिअरचे तापमान विचारले होते. तिथे मी 4 भरले आणि बिअरच्या आकारमानाच्या 2.4 पट वायू हवा असे सांगितले, तेव्हा 19 लिटरसाठी साधारण 70 ग्रॅम साखर असे उत्तर आले. ती साखर पाण्यात उकळून, बिअर भरण्याच्या बादलीत आधी बिअर घेऊन, वरून ओतली आणि बादलीच्या तळाच्या नळाने अर्ध्या लिटरच्या 38 बाटल्या भरल्या. बुचांवर भरण्याच्या क्रमाने आकडे लिहून ठेवले होते.

बाटल्या दोन आठवडे 21 अंशांना होत्या. काल 3 क्रमांकाची बाटली उघडताच फेस वर येऊन ओट्यावर सांडला, तर 35 क्रमांकाची बाटली उघडताना आवाजसुद्धा झाला नाही; ग्लासात चार बुडबुडे आले आणि विरून गेले. साखर कमी पडली म्हणावे, तर पहिली बाटली का उसळली? आणि उरलेल्या मिळमिळीत बाटल्या उघडून त्यांत पुन्हा साखर घालावी का?

मापतोल

आपण बुचांवर आकडे लिहिले हे फार चांगले केले, कारण त्यामुळेच आपल्याकडे एक नव्हे तर दोन वेगवेगळ्या चुका झाल्या आहेत हे स्पष्ट दिसते. मी त्यांपैकी साखरेच्या वजनाविषयी लिहितो.

गणक तापमान विचारतो तो बिअरमध्ये आधीच किती वायू विरघळलेला आहे हे काढण्यासाठी. किण्वन चालू असताना यीस्टने तयार केलेला कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये मुरतो आणि अतिरिक्त वायू बाहेर जातो. किती मुरणार हे तापमानावर ठरते. 20 अंशांना हा साठा सुमारे 0.86 पट असतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये 0.86 लिटर वायू, तर 4 अंशांना बिअर 1.5 पटीच्या आसपास वायू धरून ठेवू शकते. मात्र ‘शकते’ आणि ‘धरलेला आहे’ यांत मोठा फरक आहे. किण्वन संपल्यावर आपण पिंप थंड केले, तेव्हा नवा वायू तयार होत नव्हता. त्यामुळे बिअर थंड झाली तरी तिच्यातला वायू जवळपास 20 अंशांच्या वेळचाच राहिला. म्हणून गणकात नेहमी किण्वनाच्या शेवटी किंवा त्यानंतर बिअरने गाठलेले सर्वाधिक तापमान भरावे, बाटल्या भरतानाचे नव्हे.

आता हिशेब पाहू. एक पट वायू म्हणजे लिटरमागे 1.96 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, आणि एक ग्रॅम साधी साखर आंबून सुमारे 0.51 ग्रॅम वायू देते. 2.4 मधून 0.86 वजा केल्यास 1.54 पट उरते, म्हणजे लिटरला 3 ग्रॅम वायू, म्हणजेच लिटरला 5.9 ग्रॅम साखर. 19 लिटरना 112 ग्रॅम हवी होती. आपण 70 घातली. साखर सर्वत्र सारखी मिसळली असती तरी सर्व बाटल्या 1.8 पटीवर थांबल्या असत्या, म्हणजे पेल एलसाठी जरा मऊच.

बाजारात डेक्स्ट्रोज म्हणून मिळणाऱ्या साखरेत बहुधा पाण्याचा अंश असतो. ती वापरल्यास याच बिअरला 130 ग्रॅमच्या आसपास लागेल. चवीत मला तरी फरक जाणवत नाही. मात्र काहीही वापरा, ते वजन करून वापरा. चमच्याने वा वाटीने मोजलेली साखर दर वेळी वेगळी भरते.

सायफन

दुसरी चूक मिसळण्याची आहे. साखरेचा पाक बिअरपेक्षा जड असतो, तो वरून ओतला की तळाशी जाऊन बसतो, आणि नळ तळाशी असल्याने पहिल्या काही बाटल्यांत साखरेचा मोठा वाटा गेला. शेवटच्या बाटल्यांच्या वाट्याला नुसती बिअर आली.

क्रम उलटा करावा. साखर 250 मिलिलिटर पाण्यात पाच-दहा मिनिटे उकळून गार होऊ द्यावी, निर्जंतुक केलेल्या रिकाम्या बादलीत आधी ती ओतावी आणि मग नळीचे टोक बादलीच्या तळाशी, भिंतीला टेकवून आडवे ठेवून सायफनने बिअर सोडावी. बिअर गोल फिरत वर चढते आणि पाक तिच्याबरोबर मिसळत जातो. अर्धी बादली भरल्यावर आणि शेवटी स्वच्छ डावाने तळापासून दोन-तीन वेळा संथपणे ढवळावे. खळखळाट मात्र होऊ देऊ नये, कारण या टप्प्यावर मिसळलेली हवा काही आठवड्यांनी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव होऊन परत येते.

मिळमिळीत बाटल्या उघडून साखर घालण्याच्या मी विरोधात आहे. प्रत्येक बाटलीत किती कमी आहे हे आपल्याला माहीत नाही, त्यामुळे किती घालावी हेही ठरवता येणार नाही. शिवाय साखरेचे कोरडे दाणे पडताच विरघळलेला वायू त्यांच्याभोवती सुटून बिअर उसळते, आणि हवा आत जाते ती वेगळीच. मधल्या क्रमांकांची एक बाटली उघडून पाहा. तिच्या आधी भरलेल्या बाटल्या कदाचित बऱ्या निघतील.

जुनी बाटली

वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण पहिल्या बाटल्यांचे काय करायचे हे कोणी सांगितले नाही आणि मला त्याचीच काळजी वाटते. 1 ते 8 क्रमांकांच्या बाटल्या आजच फ्रीजमध्ये ठेवा. थंडीने यीस्ट मंदावते आणि दाब उतरतो. त्या हाताळताना जाड हातमोजे व चष्मा घाला.

हे मी अनुभवाने सांगतो आहे. एकदा वाचन 1.016 असतानाच मी बाटल्या भरल्या. खरे तर ती बिअर 1.012 पर्यंत उतरायला हवी होती. हायड्रोमीटरचा एक अंश, म्हणजे 0.001, हा साधारण अर्धा पट वायू असतो. चार अंशांचे दोन पट झाले, त्यावर मोजून घातलेल्या साखरेचे 2.4, आणि साध्या बाटलीत 4.4 पट वायू कोंडला गेला. तिसऱ्या आठवड्यात रात्री कपाटात एक बाटली फुटली, तिच्या धक्क्याने शेजारच्या दोन गेल्या. सकाळी कपाटाच्या दारात आतल्या बाजूने काचेचा नखाएवढा तुकडा रुतलेला दिसला. मला तो पकडीने ओढून काढावा लागला. तेव्हापासून दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन वाचने सारखी आल्याशिवाय मी साखरेला हात लावत नाही. नेहमीच्या बाटलीत 3 पटीच्या वर जात नाही, आणि दर वेळी एक बाटली प्लास्टिकची भरतो, कारण ती दाबून पाहिली की दाब किती चढला हे उघडल्याशिवाय कळते.

आपले वाचन 1.011 वर स्थिर होते, म्हणजे बाहेरून आलेली साखर तेवढीच. तरी एक तपासणी करा. 3 क्रमांकाच्या बाटलीतली बिअर उरली असेल तर ती पेल्यातून पेल्यात ओतून वायू पूर्ण काढा आणि हायड्रोमीटर बुडवा. ती 1.011 च्या बरीच खाली उतरली असेल, तर बाटलीत रानटी यीस्ट (बिअरच्या यीस्टने सोडलेली साखरही आंबवणारे, बाहेरून आलेले) शिरले आहे आणि मग 38 च्या 38 बाटल्या धोक्याच्या आहेत.

नवशिक्या

सर्वांचे मनापासून आभार. उरलेली बिअर बारा वेळा या पेल्यातून त्या पेल्यात ओतली आणि 20 अंशांवर आणून मोजली. वाचन 1.011 आले. पहिल्या आठपैकी उरलेल्या सात बाटल्या फ्रीजमध्ये उभ्या ठेवल्या आहेत. आज 20 क्रमांकाची बाटलीही उघडली. तिला बोटभर फेस आला आणि तो टिकला. पुढच्या खेपेस 112 ग्रॅम, तराजूवर, आणि बादलीत सर्वांत आधी.