शौनक सेन यांची घार
शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स' (२०२२) या माहितीपटाबद्दल कुणीतरी विचारलंय, 'पक्ष्यांचा माहितीपट, मग उंदीर आणि डुकरं कशाला?' मला तर त्याचा जीवच तिथे दिसला. सेन यांची दिल्ली फक्त माणसांची नाहीच. दिल्लीतल्या वजिराबादच्या एका तळघरात दोघे भाऊ मांज्याने पंख कापलेल्या घारी बऱ्या करतात. त्याच जागेत पोटापाण्याचा साबण-डिस्पेन्सरचा धंदा. घार मांसाहारी म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्याने नाकारली, तिथून हे सगळं सुरू झालं. आणि हीच घार शहराचा कचरा खाऊन जगते! संक्रांतीनंतर आमच्या गच्चीवरच्या तारेत लोंबणारा नायलॉन मांजा मी आता दरवर्षी काठीने काढतो. कॅमेरा किती सावकाश फिरतो, तेही पुन्हा बघा.