आठवडी बाजारात पुढची रांग गावच्या पिकवणाऱ्यांना द्या, पटतंय का?

कुडाळकर:
फेब्रुवारी ते मे आपल्या सिंधुदुर्गातला कुठलाही आठवडी बाजार बघा. पुढे रस्त्याला लागून घाटावरच्या भाजीचे टेम्पो, वर ताडपत्री, खाली कोबी-फ्लॉवर-टोमॅटोचे ढीग. आणि आपल्या बायका मागे गटाराच्या कडेला उन्हात, समोर टोपलीत लाल भाजीच्या जुड्या, वाली, कुळीथ, भाजीचा फणस आणि पानावर ओले काजूगर. लाल भाजी अकरा वाजेपर्यंत मान टाकते, कोबीला संध्याकाळपर्यंत काही होत नाही, मग सावली कोणाला पाहिजे सांगा. माझं म्हणणं एवढंच की हे चार महिने पुढची सावलीची रांग स्थानिक पिकवणाऱ्यांना राखून ठेवा. 2016 साली सरकारने फळंभाजी बाजार समितीच्या नियमनातून काढली, शेतकऱ्याने थेट विकावं म्हणून, पण थेट विकायला त्याने बसायचं कुठे?

घाटवाट:
अजिबात पटत नाही. माझे मामा गडहिंग्लजहून आंबोलीमार्गे भाजी घेऊन येतात, मध्यरात्री गाडी भरायची, पहाटे बाजारात उतरवायची, जागेची पावती दर आठवड्याला न चुकता फाडायची. जुलैत पाऊस कोसळत असतो तेव्हा तुमच्या घरात टोमॅटो-बटाटा हीच माणसं पोचवतात ना? तेव्हा ती चालतात आणि काजूगर आले की मागे सरका? जो बारा महिने येतो त्याचाही जागेवर हक्क आहे.

साधं गिऱ्हाईक:
घाटवाटला अनुमोदन. आणि अजून एक, मागे बसणाऱ्या सगळ्याच पिकवतात असं नाही हो, काही जण सकाळी टेम्पोवरनंच माल उचलतात आणि गावठी म्हणून दीडपट भावाने विकतात. राखीव रांग झाली तर पहिले तेच येऊन बसतील. शिवाय ओल्या काजूगरांचा शेकड्याचा भाव ऐकलात का यंदा? आम्ही पगारी माणसं, आम्हाला स्वस्त भाजी जवळ मिळालेली बरी.

वालीची शेंग:
काजूगर म्हाग म्हणतास, एकदा सोलून बघा मगे कळात. ओल्या बियेचा तेल बोटांका लागला की कातडी काळी पडता आणि सालटां निघतत, आये हाताक राख लावन बसता तरी होयाचा ता होताच. बी चिरायची, गर अख्खो काढायचो, तुटलो तर भाव नाय. माझी आये वायंगणातली, भात कापल्यावर लावलेली भाजी आणि काजूगर घेवन पयल्या एष्टीन जाता, पण तोपर्यंत पुढची जागा गेलेली असता. रात्रीच गाडी लावून जागा धरणाऱ्यावांगडा तिना कशी स्पर्धा करूची?

बागायतदार:
रांग कल्पना म्हणून चांगली, पण ओळखणार कसं? कोकणातल्या हापूसला 2018 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पाच जिल्ह्यांपुरतं, तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत घालून विकतातच. आंबा पिकवायला कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी आहे, तरी आंबा वरून पिवळाधमक आणि आतून आंबट निघतोच की. नुसत्या पाटीने फसवणूक थांबत नाही. माझं मत, ज्याचा सातबारा त्यालाच जागा.

कुडाळकर:
सातबारा मागितलात तर ज्यांच्यासाठी हे मागतोय त्याच बायका बाहेर पडतील. आपल्याकडचा सातबारा म्हणजे सामायिक, त्यावर आजोबांपासून मुंबईतल्या चुलत्यांपर्यंत वीस नावं, आणि परसात राबणाऱ्या सुनेचं नाव बहुतेक नसतंच. त्यापेक्षा त्या-त्या गावच्या बचत गटाने ओळखपत्र द्यावं, वाडीत कोण काय पिकवतं हे त्यांना तोंडपाठ असतं. टेम्पोवरचा माल घेऊन बसलेली एकही बाई त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. आणि घाटवाट, तुमच्या मामांना बाजारातून काढा असं मी कुठेच म्हटलं नाही, चार महिने एक रांग मागे सरका म्हणतोय, त्यांच्याकडे ताडपत्री आहे, आयेकडे फक्त पदर आहे.

घाटवाट:
एक रांग मागे म्हणजे गिऱ्हाईक निम्मं, हे बाजारात बसल्याशिवाय कळत नाही. सावलीच पाहिजे ना, मग पालिकेने मागे शेड बांधावी, आमची जागा कशाला हलवता? पथविक्रेता कायदा 2014 चा आहे, त्यात शहराची विक्रेता समिती असते, निदान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश बायका. तिथे मांडा. मामाही येतील त्यांची बाजू मांडायला.

वालीची शेंग:
शेड मागे बांधली तर तिकडे येतला कोण? गिऱ्हाईक पुढच्या पुढे पिशवी भरून जाता, ह्या तुम्हीच आता सांगितलास. समितीत मांडूक माझी तयारी आसा, पण बैठक बाजाराच्या दिवशी ठेवू नकात, नायतर आये येवची नाय.