सिलिकॉनचा साचा आतून चिकट राहतो, उन्हामुळे का?

इतवारीवाला:
नमस्कार मंडळी. इतवारीत सराफा ओळीजवळ आमचं छोटं कास्टिंगचं काम आहे. आजवर रबर डाय, म्हणजे रबराचे साचे, प्रेसमध्ये तापवूनच काढत आलो. आता नथीच्या नाजूक जाळीसाठी न तापवता जमणारं, प्लॅटिनमवालं दोन भागांचं सिलिकॉन आणलं. साचा बाहेरून मस्त जमतो, पण कापून उघडला की मास्टर पीसला (ज्याचा साचा काढतो तो मूळ नमुना) टेकलेला भाग चिकट, बोटाला लागतो. दुकानदार म्हणतो, नागपूरच्या उन्हानं होतं. खरं आहे का?

महालची साचेकार:
नाही दादा. उन्हानं सिलिकॉन लवकर जमतं, चिकट राहत नाही. प्रमाण चुकलं असतं किंवा नीट ढवळलं नसतं, तर अख्खा साचा मऊ राहिला असता, नाहीतर मधेच ओले पट्टे दिसले असते. तुमचा फक्त मास्टरला टेकलेला थर ओला आहे. हे गंधकाचं काम. सिलिकॉन जमवणारं यातलं प्लॅटिनम इतकं कणभर असतं की गंधक लागलं त्या जागी ते निकामीच होतं.

मास्टर ऑक्सिडाइज केलेल्या चांदीचा आहे का? तो काळा थर गंधकाचाच असतो. तुमच्या जुन्या रबर डायसुद्धा गंधकानेच पिकवलेल्या. लॅटेक्सचे हातमोजे चालत नाहीत, व्हायनिलचे घ्या. बुडाला लावायच्या तेलकट क्लेच्या डब्यावर 'सल्फर फ्री' लिहिलेलं बघून घ्या. कालवायचं टेबल डाय प्रेसपासून लांब हलवा. आणि कथीलवालं सिलिकॉन कालवलेली काडी, वाटी यात अजिबात नको; कथीलही प्लॅटिनमला तसंच अडवतं.

भरण्याआधी मास्टरच्या मागच्या बाजूला कालवलेल्या सिलिकॉनचा एक ठिपका ठेवा. कोरडा होऊन सालीसारखा निघाला, तरच पुढे जा. जाळीची एकेक तार कारागिरानं डोळे ताणून बसवलेली असते हो, तिच्यावर थेट प्रयोग करू नये.

इतवारीवाला:
ताई, मास्टर काळवलेल्या चांदीचाच आहे. वरून लॅकर मारला तर?

महालची साचेकार:
ॲक्रिलिकचा पारदर्शक लॅकर आड येतो, सपाट पेंडंटला मी सुचवेनही. पण जाळीत तो कोपऱ्यात साचतो आणि धार बोथट होते. त्यापेक्षा काळा थर पूर्ण काढून चांदी पांढरी करा, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुऊन कोरडी करा. काळवायचं ते कास्टिंग झाल्यावर.

कामठी रोड कास्टिंग:
ताईंशी सहमत. फक्त उन्हाचं एक सांगतो. डब्यावर लिहिलेला माल घट्ट होण्याचा वेळ साधारण २३-२५ अंशांचा असतो. १० अंश वाढले की तो अंदाजे निम्मा होतो. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हवा काढायला व्हॅक्यूममध्ये ठेवलं की फेस बसायच्या आत माल घट्ट व्हायला लागतो. आम्ही सकाळी सहालाच कालवून मोकळे होतो. भांडं पावच भरा, कारण हवा निघताना माल तिप्पट-चौपट फुगतो आणि मग खाली बसतो.

इतवारीवाला:
आणि जाळीत आता अडकलेला ओला माल?

महालची साचेकार:
तो कितीही दिवस ठेवला तरी जमणार नाही, वाट बघू नका. आधी कोरड्या कापडानं टिपा, मग मऊ ब्रशनं टर्पेंटाइन लावून काढा. खिडकी उघडी ठेवा, बर्नर बंद.