मदत हवी आहे: वाचनकट्ट्यात मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं एकत्र कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी,

लालबागला आमच्या चाळीत जूनपासून दर रविवारी सकाळी मी मुलांचा वाचनकट्टा घेते. सातवी ते नववीची नऊ मुलं. पाच मराठी माध्यमाची, चार इंग्रजी. मंडळाची खोली मिळते. गणपतीच्या आधी ती मखराच्या सामानाने भरली, तेव्हा गॅलरीत चटई टाकून बसलो. जागेचं कसंही जमतं, अडलंय ते वाचनापाशी.

पहिलं पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' घेतलं. पाळीपाळीने मोठ्याने वाचायचं ठरलं. आठवीतली एक मुलगी, इंग्रजी माध्यमाची, ओळीखाली बोट ठेवून वाचत होती. जोडाक्षर आलं की बोट थांबायचं. शेजारचा मुलगा, मदत म्हणूनच, तिच्या आधी शब्द सांगून टाकायचा. चार-पाचदा असं झालं, मग तिने पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. "तूच वाच." पुढचे दोन रविवार ती आली नाही. मी समोरच बसले होते, त्याला थांबवायला हवं होतं. ते मनाला लागून राहिलंय.

आणि गोष्ट मी तोंडी सांगितली होती तेव्हा सगळ्यात आधी तिनेच विचारलं होतं, "शाळेत पोरंच येत नाहीत, तर मास्तर परत का जात नाही?" त्यावर अर्धा तास बोलणं चाललं. म्हणजे समजण्यात ती कुठेच कमी नाही, डोळ्यांना देवनागरीची सवय नाही इतकंच.

मी एकटीने वाचून पाहिलं, तर मराठी माध्यमाची पोरं चुळबुळ करतात. दोन गट केले, तर ते माध्यमांप्रमाणेच पडले. ते मला अजिबात नको आहे.

शिवाय प्रती तीनच. अख्खं पुस्तक झेरॉक्स करणं पटत नाही. लेखक गेल्यावर 60 वर्षं कॉपीराइट असतो आणि माडगूळकर 2001 साली गेले. 'श्यामची आई'चं तसं नाही. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे 2011 पासून ते कुणालाही छापता येतं. एकेक रात्र म्हणजे एकेक गोष्ट, एका रविवारी एक होते. मोठ्या टायपात प्रिंट काढून बुधवारीच घरोघरी द्यावी, म्हणजे ज्याला हवं तो आधी वाचून येईल, असं मनात आहे.

कुणी असं केलंय का? आधी पानं दिली तर मुलं खरंच वाचून येतात? मोठ्याने वाचायची सक्ती ठेवावी की ज्याला वाटेल त्यानेच वाचावं? आणि शब्द सांगून टाकणाऱ्या मुलाला, तो मनाचा चांगला आहे, न दुखावता कसं समजवायचं?

काल ती जिन्यात भेटली, या रविवारी येते म्हणाली. शनिवारपर्यंत कुणी अनुभव लिहिलात तर फार उपयोग होईल.